पालच्या घाटातला माझा आवाज

माझ्या पिकअपमध्ये स्टिअरिंगच्या डाव्या हाताला एका गाडीतून दुसऱ्या गाडीशी बोलायचा एक सीबी रेडिओ बसवलेला आहे. शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा, गुंडाळीच्या वायरला लटकणारा माइक आणि छतावर वाऱ्याने मागे झुकणारा लांब अँटेना. माइकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. ज्याने बटण दाबून धरलं त्याचंच तेवढा वेळ चालतं, बाकीच्यांना ऐकून घ्यावं लागतं. हा रेडिओ काढून टाक, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. कुणी समजुतीने, कुणी दरडावून. तो अजून जागेवर आहे.

मी मूळची भडगावची. लग्न होऊन जळगावला, मेहरूणमध्ये आले. मिस्टर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. टीव्ही भिंतीवर गेले तसं दुरुस्तीचं काम आटलं, म्हणून त्यांनी पिकअप घेतली. काही वर्षांनी त्यांची कंबर गेली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. पिकअप दारात उभी राहिली. मोठे दीर, म्हणजे मिस्टरांचे थोरले भाऊ, धुळ्याला असतात. ते म्हणाले, गाडी विकून टाका, ही घरी पापड लाटेल. मी गाडी शिकले, लायसन्स काढलं आणि सावद्याची केळी वाहायला लागले.

आम्ही चार पिकअप बरोबर जातो. सावद्याला केळी भरायची, भल्या सकाळी निघायचं, पालच्या जंगलातून सातपुडा ओलांडायचा आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या बाजारांना माल उतरवायचा. सगळ्यांत पुढे सावद्याचे नाना असायचे. साठी उलटलेले, या रस्त्यावर बैलगाडीपासूनचे. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे यावलचा एक तरणा ड्रायव्हर आणि शेवटी रावेरचा, जो दिवसातून चार वाक्यं बोलायचा. त्या वेळी घाटात मोबाइलला रेंज नसायची. रस्ता अरुंद, वळणापलीकडचं काही दिसत नाही. समोरून ट्रक आला तर पुढच्याने मागच्याला सांगावं कसं? हॉर्न वाजवायचा, हात बाहेर काढून हलवायचा. एकदा असंच घाईत मागे घेताना रावेरच्याची गाडी चरात उतरली. त्यानंतर नानांनी नाशिककडच्या जीपवाल्यांकडून जुने सीबी सेट आणले. तीन आणले.

"चौथा?" मी विचारलं.

"तुला कशाला? तू मधीच राहते. पुढचं-मागचं आम्ही पाहून घेऊ."

"आणि पुढे काय आहे ते मला कोण सांगणार?"

"मी लाइट मारीन ना."

मी तिथे वाद घातला नाही. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. त्यांनी मोबाइलवर शोधून धुळ्यातला एक माणूस काढला. तो जीप घेऊन डोंगरात हिंडायचा. गुडघे दुखायला लागल्यावर जीप विकली, सेट कपाटात पडून होता. आम्ही पिकअप घेऊनच धुळ्याला गेलो. चालवत मी होते, पण तो माणूस सगळं मिस्टरांनाच समजावून सांगत होता. सत्तावीस मेगाहर्ट्झचा पट्टा, कमी ताकदीचा सेट, याला परवाना लागत नाही, पोलिसांनी विचारलं तर घाबरायचं नाही. मग म्हणाला, "तुमची गाडी कुठल्या लाइनला असते, भाऊ?"

"मी नाही चालवत," मिस्टर म्हणाले. "ही चालवते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माइक उचलून माझ्या हातात दिला. "तोंडाला लावू नका, ताई. जरा बाजूला धरून बोला, म्हणजे श्वास जात नाही." माझ्याशी तो एवढंच बोलला, पण कामाचं बोलला.

मिस्टरांनी कमरेला पट्टा बांधून, सीटवर आडवं होऊन सेट बसवला. अँटेना नुसता लावून भागत नाही, त्याची लांबी चॅनेलला जुळवावी लागते. ते मीटर लावून अँटेना जरा वर करायचे, जरा खाली करायचे, मी आत बसून बटण दाबायचे. दुकान बंद झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं. सगळी दुपार गेली. पाठ अवघडून गेली तरी उठायला तयार नव्हते.

पुढच्या फेरीला पालचा चढ लागला तेव्हा सेटमधून नानांचा आवाज आला, "चढ आला, हळू घ्या." मी बटण दाबलं.

"नाना, मी ऐकतेय. तुमच्या डाव्या मागच्या टायरात हवा कमी दिसतेय."

नुसती खरखर. मग यावलचा म्हणाला, "हे कोण बोलून राह्यलं?"

"मी. तुझ्या पुढे आहे."

नानांनी गाडी बाजूला घेतली, उतरून टायर पाहिला, बुटाने दाबून पाहिला. मग माझ्या खिडकीशी आले. "कुठून आणला?"

"धुळ्याहून."

"बरं," म्हणाले आणि पंप काढायला गेले.

रेडिओवर ते एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायचे, सावदा, रावेर, यावल. मला मात्र 'वहिनी'. मी उत्तर द्यायचं बंद केलं. नाना "वहिनी, वहिनी" करून दमले. पालला चहासाठी थांबलो तेव्हा म्हणाले, "सेट बिघडला काय तुझा?"

"सेट चांगला आहे. भडगाव म्हणा, लगेच बोलते."

"भडगाव तर माहेर झालं."

"तुम्ही तरी सावद्याला सासरी आलात का, नाना?"

नाना हसले आणि त्या दिवसापासून मी भडगाव झाले. यावलचा तेवढा "ओ मधली गाडी" म्हणत राहिला. तिघं बोलायचे तावडी बोलीत, मी मध्येच अहिराणीत शिरायचे. कुणाचं कुणावाचून अडलं नाही. कधी दुपारच्या वेळी रिकामी गाडी घेऊन परतताना सेटमधून कुठल्या तरी परक्या मुलखातली भाषा ऐकू यायची. मिस्टर म्हणायचे, या लहरी आभाळाला आपटून हजारो मैलांवर उतरतात. एक शब्द कळायचा नाही, पण मी आवाज मोठा करून ऐकत बसायचे. तो माणूसही बहुतेक गाडीतच असावा. मागे हॉर्न ऐकू यायचे.

आणि मग ते बटणाचं झालं.

केळीचा चीक ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. कपड्याला लागला तर काळा डाग जन्मभर जात नाही, हाताला लागला तर बोटं एकमेकांना चिकटतात. त्या दिवशी सावद्याला मजूर कमी होते, म्हणून मीही घड उचलायला लागले. हात फडक्याला पुसले, पण घाईत पुसले. निघताना माइक उचलून "भडगाव निघाली" म्हटलं आणि परत अडकवला. बटण आत गेलं ते चिकटलं, बाहेर आलंच नाही. सेटवर लाल दिवा लागलेला असणार. मी रस्ता बघत होते.

गाडीत एकटी असले की मी बोलते. मोठ्याने बोलते. घरात जे जिभेवर येऊन परत जातं, ते गाडीत सगळं बाहेर पडतं. त्या आठवड्यात धुळ्याला पुतण्याचा साखरपुडा होता आणि मला पक्कं माहीत होतं, तिथे मोठे दीर पाहुण्यांसमोर मला उभं करणार आणि हसत सांगणार, ही आमची गाडीवाली, आम्ही हिला गाडी चालवू देतो. दर समारंभाला सांगतात. मी दर वेळी हसल्यासारखं करून आत जायचे. या वेळी काय बोलायचं त्याची मी घाटात तयारी करत होते.

"भाऊ," मी स्टिअरिंगला सांगत होते, "गाडी मी चालाडस. डिझेल मी भरस. टायर बसनं ते जॅक मी लावस. तुम्ही बठ्ठास्ना मव्हरे कसाले सांगतस, आम्ही इले गाडी चालाडू देतस म्हनीसन? देणारे कोण तुम्ही?" हे 'देणारे कोण तुम्ही' मी वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहिलं. एकदा शांतपणे, एकदा रागाने, एकदा हसत हसत. मग मागे आरशात यावलच्याची गाडी दिसली आणि माझं तोंड तिकडे वळलं. तो गिअर असा टाकतो, जशी म्हैस चिखलातून ओढून काढतोय, असंही बोलले. थोडं गाणंही म्हटलं.

पालला पोचलो. नाना नळाशी हात धूत होते, धुऊन झाले तरी धूतच होते. रावेरचा चहाच्या ग्लासात बघत होता. यावलचा हसत हसत मोबाइल खिशात घालत होता.

"तुझं बटण पाहाय," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी गाडीशी गेले. लाल दिवा पाहिला आणि कान तापले. सावद्यापासून पालपर्यंत या तिघांनी मलाच ऐकलं होतं. मी बटण सोडलं नसल्यामुळे त्यांना मला सांगताही येत नव्हतं. डिझेलच्या फडक्याने चीक काढला, बटण दोनचारदा दाबून सोडून पाहिलं. चहा घेतला आणि निघाले. परत जावंसं वाटलं होतं, पण गाडीत माल होता.

यावलच्याने ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपांवर फिरलं, खाली हसणारी तोंडं लावून. तिथून कुणाच्या तरी मेहुण्याकडे, त्याच्याकडून धुळ्याला. दुसऱ्या दिवशी मोठ्या दिरांचा मिस्टरांना फोन आला. मिस्टर फक्त "हो" आणि "ऐकतो" एवढंच म्हणाले. फोन ठेवून त्यांनी ते रेकॉर्डिंग लावलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ते शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होते.

"आवाज स्वच्छ आलाय," ते म्हणाले. "अँटेना नीट जुळला म्हणायचा."

मला रडू येत होतं ते तिथेच थांबलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "भाऊ हे नेहमी म्हणतो?"

"नेहमी. माझं लायसन्स आलं, तुम्ही दवाखान्यात होता, तेव्हा तुमच्या कॉटशी उभे राहून म्हणाले होते, आता हिला गाडी चालवू द्यावी लागेल."

"ऐकलं होतं मी," मिस्टर म्हणाले. रात्री जेवताना म्हणाले, "साखरपुड्याला जायचं. आणि पिकअपनेच जायचं."

धुळ्याला कार्यालयाबाहेर चकचकीत गाड्यांच्या रांगेत मी पिकअप लावली, अँटेनासकट. आत शिरताच मोठ्या दिरांनी आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. जाऊबाई होत्या आणि मिस्टरांची आत्या, जिला सगळं घर अक्का म्हणतं, ती खुर्चीवर बसली होती. दीर तसे वाईट माणूस नाहीत. आमच्या अडचणीला धावून आलेले आहेत. पण आपण धावून आलो हे दुसऱ्याला विसरू द्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं.

"मी लोकांना सांगतोय की तो आवाज हिचा नाही," ते म्हणाले. "कुणी तरी नक्कल केली. तुम्हीही तेच सांगा. आणि ते यंत्र आजच्या आज गाडीतून काढा. विषय संपला."

खोटं बोलले असते तर खरंच संपला असता. बाहेर सनई लागली होती, पाहुणे यायला लागले होते, जाऊबाई हात जोडून माझ्याकडे बघत होत्या. मला त्यांची दया आली. पण मी विचार केला, आज माझा आवाज माझा नाही म्हटलं, तर उद्या मी बोललेलं कुठलंच माझं राहणार नाही.

"भाऊ, आवाज माझाच आहे," मी म्हणाले.

"हळू बोला."

"हळूच बोलतेय. त्या रेकॉर्डिंगमध्ये अर्धंच आलंय. राहिलेलं मी सांगते." आणि मी सांगितलं. घाटात तयारी केलेली होती, त्यामुळे शब्द शोधावे लागले नाहीत. गाडी घ्यायला तुम्ही मदत केली, ते मी कधी नाकारलं नाही. पण चालवायची परवानगी मी तुमच्याकडे मागितली नव्हती, तुम्ही दिली नव्हती, आणि जी दिलीच नाही ती चारचौघांत वाटत फिरू नका. यंत्र काढणार नाही. ते माझं रस्त्यावरचं साधन आहे.  

दीर मिस्टरांकडे वळले. "तू काय ऐकत उभा आहेस?"

"मी दवाखान्यातही ऐकतच होतो," मिस्टर म्हणाले. "तेव्हा बोलायला पाहिजे होतं. सेट मी बसवलाय, भाऊ. तो राहील."

मग खुर्चीवरून अक्का म्हणाली, "खोटं काय सांगी राह्यनी ती?"

दीर बाहेर निघून गेले. आम्ही साखरपुड्याला बसलो, अक्षता टाकल्या, पंगतीला बसलो. आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या बराच वेळ रिकाम्या राहिल्या. मी जिलेबी दोनदा घेतली. तशी मला जिलेबी फार आवडत नाही.

घरचं असं झालं. रस्त्यावरचं राहिलं होतं. पुढच्या फेरीला सावद्याला गाड्या भरत असताना मी यावलच्यापुढे जाऊन उभी राहिले. नाना आणि रावेरचा तिथेच होते.

"तू ऐकलंस यात तुझी चूक नाही," मी म्हणाले. "बटण माझं अडकलं होतं. पण दुसऱ्याचं बोलणं गावभर पाठवलंस, ते चुकलं. तसं म्हण."

"आणि माझ्या गिअरवर बोलली ते?"

"ते तुझ्या तोंडावर पुन्हा बोलते. गिअर तू वाईटच टाकतोस."

रावेरच्याला खोकला आला, तो बाजूला गेला. यावलच्याने माफी मागितली नाही. नाना मध्ये पडले. "तंटा नको. भडगाव, तू थोडे दिवस सेट बंद ठेव. वातावरण निवळू दे."

"बंद नाही ठेवणार, नाना. बंद ठेवायचा तर सगळ्यांचे ठेवा."

त्या दिवशी घाटात सेट गप्प होता. मला कळलं, त्यांनी चॅनेल बदललाय. मी एका हाताने चॅनेलचं बटण फिरवत गेले, एकेका चॅनेलवर थांबत, आणि एका ठिकाणी नाना सापडले. "भडगाव ऐकतेय," मी म्हणाले. खरखर झाली आणि ते पुन्हा पसार झाले. मी पुन्हा फिरवलं, पुन्हा सापडले. परतीच्या वाटेवरही तेच. दुसऱ्या फेरीलाही तेच. शेवटी नाना वैतागून म्हणाले, "किती फिरशील, बाई?"

"तुम्ही फिराल तितकी."

दोन वळणं गेली. मग नाना म्हणाले, "पुढं बस येऊन राह्यली. डावीकडं घे." मी डावीकडे घेतलं. बस गेली. चॅनेल त्यानंतर बदलला नाही.

मोठे दीर त्यानंतर आमच्या घरी आलेले नाहीत. पुतण्याच्या लग्नाला आम्ही गेलो. त्यांनी पाहुण्यांसमोर माझी ओळख करून दिली नाही आणि मला ती लागली नाही. कुणी विचारलं तर मी स्वतःच सांगितलं, केळीची पिकअप चालवते, सावदा ते मध्य प्रदेश.

मागच्या वर्षी पालजवळ मोबाइलचा टॉवर आला. अर्ध्या घाटात आता रेंज असते. रावेरचा म्हणाला, सेट काढून टाकू या का. मी म्हणाले, ज्याला काढायचा त्याने काढावा. कुणी काढला नाही. उरलेल्या अर्ध्या घाटात वळणं तशीच आहेत.

याच हिवाळ्यात नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते सगळ्यांच्या पुढे चालवायला नको, मी शेवटी राहीन म्हणाले. पुढे कोण, असा प्रश्न आला. यावलच्याने चावी बोटात फिरवत "मी जातो" म्हटलं. तेव्हा रावेरचा, त्या दिवशीचं त्याचं एखादंच वाक्य असेल, म्हणाला, "भडगावला जाऊ दे. ती पुढचं नीट सांगते." नानांनी मान हलवली. यावलचा आठवडाभर एकटा गेला, आमच्या आधी निघून. मग एका सकाळी काही न बोलता रांगेत माझ्यामागे येऊन उभा राहिला.

आता पुढची गाडी माझी असते. पुढच्याने बोलायचं आणि मागच्यांनी ऐकल्याची खूण द्यायची, असा आमचा नियम आहे. प्रत्येक वळणाला मी सांगते, ट्रक आहे, गुरं आहेत, दरड आलीय, थांबा. नाना शेवटच्या गाडीतून "ऐकलं" म्हणतात. रावेरचा म्हणतो. यावलचा कधी कधी गप्प बसतो. मग मी वळण घ्यायच्या आधी गाडी हळू करते आणि पुन्हा विचारते, यावल, ऐकलं का? तो "ऐकलं" म्हणेपर्यंत विचारते.